रिपेअर की रिटायर?

*गाडी इन्स्पेक्शनला नापास झाली, की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'दुरुस्त करू.' दुसरी म्हणते, 'काढून टाकू.' आणि दोन्ही पार्ट्या कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. पण कॅल्क्युलेटर उघडायच्या आधी गाडीखाली वाकून बघायला हवं!*

आपल्या पिढीला जुन्या वस्तूंचं फारसं टेन्शन नसतं. मोबाइल दोन वर्षांत बदलतो, लॅपटॉप कंपनी बदलून देते आणि फ्लॅट तर भाड्याचाच असतो. पण गावाकडे आई-बाबांच्या अंगणात एक जुनी गाडी उभी असते. तिच्यापुढे आपलं सगळं मॅनेजमेंट थंड पडतं. ती विकून काही येत नाही, ठेवावी तर खर्च संपत नाही. आणि 'काढून टाका' हे दोन शब्द फोनवर उच्चारायची आपली टाप नसते.

आमच्या हर्णेच्या गाडीचं असंच झालं. डिसेंबर २००५ मध्ये नोंदवलेली, एमएच-०८ नंबरची, लाल रंगाची छोटी पेट्रोल गाडी. बाबांची पहिली आणि एकुलती एक. २०२० मध्ये तिला १५ वर्षं झाली, तेव्हा बाबांनी पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली. ती पाच वर्षं गेल्या डिसेंबरात संपणार होती. म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये बाबांनी गाडी धुतली, पुसली, सीट कव्हरं बदलली आणि इन्स्पेक्शनला नेली. संध्याकाळी त्यांचा फोन आला, "अगं, नापास केलंन!" आवाज असा, की जणू त्यांचाच निकाल लागला होता.

आधी कायदा काय म्हणतो?

ऑफिसात चौकशी केली, तर निम्म्या लोकांना ठाम वाटत होतं, की १५ वर्षं झाली की गाडी भंगारातच काढावी लागते. तसं नाहीये. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानुसार खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर फॉर्म २५ भरायचा, गाडी निरीक्षकांना दाखवायची, फी आणि पर्यावरण कर भरायचा. गाडी रस्त्यावर चालण्याच्या लायकीची ठरली, की पुढची पाच वर्षं मिळतात. मग पुन्हा पाच. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो.

हा सगळा गोंधळ दिल्लीमुळे झालाय. तिकडे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली होती आणि २०२५ मध्येही ते प्रकरण कोर्टात गाजत होतं. पण तो आदेश दिल्ली आणि आसपासच्या परिसरापुरता. आपल्याकडे मुंबईच्या टॅक्सींना मात्र २० वर्षांची लक्ष्मणरेषा आहे. म्हणूनच २९ ऑक्टोबर २००३ला नोंदवलेली शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. लोक हळहळले, फोटो काढले. पण निर्णय कोणालाच घ्यावा लागला नाही. तारीख आली, टॅक्सी गेली.

खासगी गाडीचं दुखणं हेच आहे. तिथे तारीख निर्णय घेत नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागतो.

सरकार मात्र हळूच ढकलतंय! मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी आधी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारीला ती १०,००० रुपये आहे. म्हणजे बाबांचं २०२० मध्ये ६०० रुपयांत झालेलं काम आता थेट पाच आकड्यांत!

नापासाची यादी

मी शनिवारी सकाळी हर्णेला पोचले. बाबांनी यादी फ्रीजवर चुंबकाने लावून ठेवली होती. एक हेडलाइट मंद. टायर गुळगुळीत. हँडब्रेक धरत नाही. पुढच्या चाकात प्ले. आणि शेवटची ओळ : तळाचा पत्रा गंजलेला.

"बघ, सगळं किरकोळ आहे," बाबा म्हणाले. पाचपैकी चार गोष्टींबाबत त्यांचं अगदी बरोबर होतं. टायर, दिवे, ब्रेक, बॉल जॉइंट या सगळ्या बदलायच्याच वस्तू. गाडी नवी असो की जुनी, त्या झिजणारच. तुमची गाडी अशा गोष्टींवर नापास झाली असेल, तर मुळीच घाबरू नका. नापास व्हायला या गोष्टी पुरेशा असतात, रिटायर व्हायला नाही.

पाचव्या ओळीसाठी आम्ही गाडी दापोलीच्या गॅरेजात नेली. मिस्त्रींनी गाडी वर घेतली, स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून मुठीकडून तळ ठोकत गेले. टण्, टण्, टण्... आणि डाव्या पुढच्या दाराखाली आवाज बदलला. थप्. मग त्यांनी स्क्रू ड्रायव्हर सुलटा केला आणि हलकेच टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"काका, रंगावर उभी आहे ही," ते म्हणाले.

खारं वारं, गोडं नुकसान

हर्णे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे सांगायला नको. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, बंदरात होड्यांची गर्दी आणि किनाऱ्यावर माशांचा लिलाव. वीकएण्डला सुरमई-पापलेटच्या नादात आपण ज्या हवेला 'काय फ्रेश आहे ना!' म्हणतो, तीच हवा पत्रा खाते.

लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू एवढंच लागतं. पण पाण्यात मीठ असलं, की ते वीज जास्त चांगली वाहून नेतं आणि गंजण्याची क्रिया झपाट्याने होते. शिवाय मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फुगे येतात. फुगा दिसतो तेव्हा आतलं काम बरंच उरकलेलं असतं. दाराखालच्या पट्ट्या पोकळ असतात. त्यांची पाणी निघून जायची भोकं मातीने बुजली, की चार महिन्यांचा पाऊस आत मुक्कामाला येतो. बाहेरून तुकतुकीत, आतून पोकळ.

आणि इथे एक मेख आहे. जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, वरची बॉडी त्यावर बसवलेली. आपल्या छोट्या गाड्यांना तशी चासी नसते. तळ, दाराखालच्या पट्ट्या, खांब, छप्पर हे सगळं एकमेकांना वेल्ड करून जो सांगाडा होतो, तीच चासी. त्यावरच सस्पेन्शन, त्यावरच सीट, त्यावरच सीटबेल्ट. ठोकर बसली, तर तिचा जोर सगळीकडे वाटून घ्यायचं काम याच पत्र्याचं. म्हणजे तळ गंजला, याचा अर्थ कार्पेट ओलं होईल एवढाच नाही.

हर्णेत हे ज्ञान नवं नाही. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या ६१ दिवसांत होड्या वर ओढतात, तपासतात, डागडुजी करतात. आमच्या शेजारच्या तांडेलांनी गाडीखाली डोकं घातलं आणि दोन वाक्यांत निकाल दिला. "फळी गेली तर फळी बदलतो. कणा गेला तर होडी बदलतो."

आता कॅल्क्युलेटर!

तरीही आकडे मांडलेच. मिस्त्रींचा अंदाज असा होता : चार टायर ११,६००, हेडलाइटची जोडी २,६००, हँडब्रेक केबल आणि ब्रेक शू ३,२००, बॉल जॉइंट, बुश आणि मजुरी ६,६००. झाले २४,०००. तळ आणि पट्टी कापून नवा पत्रा वेल्ड करणं, वर रंग : ३२,०००. नूतनीकरणाची फी १०,०००. एकूण ६६,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. आणि गाडीची किंमत? कोणी घेतलीच, तर ३५,०००.

इथे प्रत्येक ग्रूपमध्ये एक एक्सपर्ट असतो. तो सांगतो, 'दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला, की गाडी काढायची.' ऐकायला झकास आहे हा फंडा. पण या नियमाने प्रत्येक जुनी गाडी काढावी लागेल, कारण तिची किंमतच उरलेली नसते! आपल्याला गाडी विकायची नाहीये, वापरायची आहे. मग बाजारभाव कशाला मोजायचा? मोजायचं ते हे, की पुढच्या प्रत्येक महिन्याला ही गाडी कितीला पडेल.

तसं मोजलं, तर ६६,००० भागिले ६० महिने, म्हणजे महिना १,१००. उलट सेकंडहॅण्ड गाडीसाठी ४ लाखांचं कर्ज घेतलं, तर १२ टक्क्यांनी पाच वर्षांचा ईएमआय साधारण ८,९००. बाबा जिंकले! त्यांनी तसा चेहराही केला.

मग मी मिस्त्रींना एकच प्रश्न विचारला. "हे वेल्डिंग किती टिकेल?"

"दोन पावसाळे छातीठोक सांगतो. पुढे नाही. आज हे भोक बुजवीन, पण शेजारचा पत्रा पण वीस वर्षांचाच आहे ना?"

झालं! ६० महिन्यांचा भागाकार २४ वर आला. दर दोन वर्षांनी तोच तळ, तोच खर्च आणि मधल्या काळात 'आता कुठे थप् वाजत असेल' ही धाकधूक. यादीतल्या चार गोष्टींवर घातलेले २४,००० रुपये गाडीला पाच वर्षं देत होते. पाचवीवर घातलेले ३२,००० फक्त वेळ विकत घेत होते. फरक नीट समजून घ्या, कारण गॅरेजच्या बिलात दोन्ही रकमा एकाखाली एकच लिहिलेल्या असतात.

तिसरा पर्याय : गाडीच नको

हा पर्याय कोणी बोलून दाखवत नाही, पण मांडून बघायलाच हवा. आई-बाबा दापोलीला महिन्यातून चारदा जातात. आईचे डोळे, शुगर, बॅंक, बाजार. हर्णे-दापोली सोळा-सतरा किलोमीटर. गाडी भाड्याने केली, तर जाऊन-येऊन, थांबण्यासकट ९०० रुपये. महिना ३,६००. ईएमआयच्या निम्म्याहून कमी! शिवाय इन्शुरन्स नाही, पंक्चर नाही, गंज नाही.

पुण्यात बसून हे उत्तर एकदम क्लीअर दिसतं. हर्णेत ते थोडं धूसर होतं. गेल्या पावसात आईला रात्री दीड वाजता घाम फुटला, शुगर एकदम खाली गेली होती. बाबांनी तिला साखर दिली, गाडीत घातलं आणि पावणेतीनच्या आत ती दापोलीच्या डॉक्टरांसमोर होती. ९०० रुपयेवाला ड्रायव्हर भला माणूस आहे, पण त्याचा फोन त्या रात्री बंद होता. दुसऱ्याच्या गाडीवर विसंबायचं, तर ती कोणत्या वेळी मिळत नाही, हे आधी बघावं लागतं.

बाबांची व्हॅलिडिटी

खरी बोलणी रात्री जेवताना झाली. मी हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही अजून किती वर्षं चालवणार?"

ते रागावतील असं वाटलं होतं. ते उठले, पाकीट आणलं आणि लायसन्स पुढे ठेवलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर, पंचावन्नच्या पुढच्या माणसाला लायसन्स पाच वर्षांचंच मिळतं आणि दर वेळी डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. बाबा ७२ वर्षांचे आहेत.

"मी पण गाडीसारखाच," ते म्हणाले. "पाच-पाच वर्षांच्या बोलीवर. माझा गुडघा क्लचला नको म्हणतो आताशा. सांगत नव्हतो, एवढंच."

मला वाटतं, निम्मा निर्णय तिथे झाला. आम्ही तोवर विचारत होतो, की ही गाडी पुढची पाच वर्षं चालेल का. खरा प्रश्न होता, पुढच्या पाच वर्षांत या घराला कशी गाडी लागेल? उत्तर अगदी साधं होतं. छोटी, उंच बसायची, क्लच नसलेली. जुनी गाडी फुकटात दुरुस्त झाली असती, तरी ती क्लच नसलेली होणार नव्हती.

उरलेला निम्मा निर्णय आईने घेतला. ती इतका वेळ भाकऱ्या थापत होती. "कुठल्या बाजूचा पत्रा गेलाय?" तिने विचारलं.

"डाव्या. पुढच्या."

"म्हणजे माझ्या पायाखालचा. मग मला विचारा ना! मी नाही बसणार."

बाबा गप्प झाले. पुढे त्या गाडीची वकिली कोणी केली नाही.

निरोप नीट द्या

भंगारवाल्याने २६,००० रोख सांगितले. मान्यताप्राप्त स्क्रॅपिंग केंद्राने २१,०००, वर टोचनचा खर्च आमचा. बाबांनी कमी पैशांचा पर्याय घेतला आणि त्याला कारण आहे.

भंगारवाला गाडी नेतो, पण कागदावर ती तुमच्याच नावावर राहते. तिचा चासी नंबर, नंबर प्लेट उद्या कुठे वापरली गेली, तर निस्तरायला तुम्हीच! कायदा सांगतो, की गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, की मालकाने १४ दिवसांत तसं कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची. स्क्रॅपिंग धोरण १३ ऑगस्ट २०२१ला जाहीर झालं. त्यानंतर आलेली नोंदणीकृत केंद्रं गाडी जमा झाल्याचं आणि मोडल्याचं, अशी दोन सर्टिफिकेटं देतात. जमा केल्याचं सर्टिफिकेट दाखवून नवी गाडी घेतली, तर नोंदणी फी माफ होते आणि रोड टॅक्समध्येही सूट मिळते. केंद्राच्या नियमात खासगी गाडीला कमाल २५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. प्रत्यक्ष आकडा राज्य ठरवतं, तो घेण्याआधी विचारून घ्या. आम्ही सेकंडहॅण्ड घेतली, त्यामुळे सूट नाही. पण हे सर्टिफिकेट दुसऱ्याच्या नावे करता येतं. माझ्या मावसभावाला नवी गाडी घ्यायची आहे, तो आत्तापासून मावशीच्या तब्येतीची फार चौकशी करतोय!

नव्याच्या जागी आलीय पाच वर्षं जुनी, ऑटोमॅटिक, पांढरी गाडी. किंमत ४ लाख ६० हजार. ईएमआय मी आणि माझा भाऊ अर्धा-अर्धा भरतो. घेताना आम्ही सनरूफ, स्क्रीन काही बघितलं नाही. गाडी कुठे वाढली ते बघितलं. समुद्रापासून लांब, देशावरची गाडी शोधली आणि मिस्त्रींना घेऊन गेलो, स्क्रू ड्रायव्हरसकट. टण्, टण्, टण्. शेवटपर्यंत टण्!

तुमची गाडी नापास झाली तर...

१. यादीचे दोन भाग करा. झिजणाऱ्या गोष्टी (टायर, ब्रेक, दिवे, बुश, बॅटरी) एकीकडे, सांगाडा (तळ, दाराखालच्या पट्ट्या, सस्पेन्शन जिथे बसतं ती जागा) दुसरीकडे. सगळं पहिल्या भागात असेल, तर बिनधास्त दुरुस्त करा.

२. 'किती खर्च?'च्या आधी 'किती टिकेल?' विचारा. आणि खर्चाला त्या महिन्यांनी भागा.

३. डागडुजीवर रंग चढवू देऊ नका, आधी बघून घ्या. जाड डांबरी कोटिंगखाली बरंच काही झाकता येतं.

४. नोंदणी संपलेली गाडी 'जरा कोपऱ्यापर्यंत'सुद्धा काढू नका. दंड पहिल्यांदा २,००० ते ५,००० रुपये आहे. पण दंडापेक्षा मोठी भीती इन्शुरन्सची. वैध नोंदणी नसलेल्या गाडीचा क्लेम नाकारता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका चोरीच्या प्रकरणात म्हटलंय.

५. गाडी कोण चालवतं आणि कोण शेजारी बसतं, ते दोघंही बोलणीला हवेत. ईएमआय भरणारा एकटा नको.

६. आणि हे खास वीकएण्डवाल्यांसाठी. कर्दे-मुरुडच्या वाळूत गाडी पळवून रील काढायची हौस असते ना? भरतीत गाडी अडकली तर सगळे हसतात. पण अडकली नाही, तरी खारं पाणी तळाला लागलेलंच असतं. घरी परतल्यावर पहिलं काम : गोड्या पाण्याने तळ धुऊन घ्या, वरची बॉडी नंतर. दाराखालची भोकं काडीने मोकळी करा. दहा मिनिटांचं काम आहे. पंधराव्या वर्षी तुमच्या गाडीखाली कोणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जाईल, तेव्हा या दहा मिनिटांचा आवाज ऐकू येईल.